‘तू कुठला?’ या प्रश्नाचं करिअर

पुण्यात पहिल्या वर्षाला ॲडमिशन घेतलेला भंडाऱ्याकडचा कुठलाही पोरगा घ्या, नाहीतर पोरगी घ्या. होस्टेलवरच्या पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न हमखास येतात. ‘भंडारा म्हणजे नागपूरच ना?’ मग ‘तुमच्याकडे हिंदीच बोलतात ना?’ आणि मग जरा हळू आवाजात, ‘आडनाव काय म्हणालास?’ तुम्ही हसून वेळ मारून नेता. दिवाळीच्या सुट्टीत घरी येता. राइस मिलसमोर पोती उतरवणारे, वेगळ्याच सुरात बोलणारे हमाल दिसतात आणि तुमच्याच तोंडून निघून जातं, ‘हे बाहेरचे लोक आहेत.’

आपला कोण, बाहेरचा कोण, आणि हे ठरवतं कोण? या प्रश्नावरून कट्ट्यावर भांडणं होतात, निवडणुकीत मतं मागितली जातात. पण हाच प्रश्न नीट, चिकाटीनं, वहीत नोंदी करत विचारणं हा एक पेशासुद्धा आहे. सामाजिक मानववंशशास्त्र हे त्याचं लांबलचक नाव. विद्यापीठाच्या कागदांवर बऱ्याचदा नुसतं ‘मानवशास्त्र’ असतं, फॉर्म भरताना गोंधळू नका. स्थलांतर, वंश, जात, शेजार, सोयरीक हा या पेशाचा कच्चा माल. तो शोधायला तुम्हाला लंडन-न्यूयॉर्कला जावं लागेल असं वाटत असेल, तर थांबा. आधी एका मराठी बाईंची गोष्ट ऐका. त्या गेल्या होत्या बर्लिनला.

१४९ कवट्या

इरावती कर्वे हे नाव ‘युगान्त’मुळे तुम्हाला माहीत असेल. महाभारतावरचं ते पुस्तक, ज्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण त्यांचा मूळ धंदा साहित्याचा नव्हे, माणसं मोजण्याचा आणि माणसांशी बोलण्याचा. जन्म १९०५ चा, तोही ब्रह्मदेशातला. वडील तिथल्या कापसाच्या कंपनीत नोकरीला. मुलीचं नाव ठेवलं ते तिथल्या इरावती नदीवरून. म्हणजे स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या या बाई स्वतः स्थलांतरितांच्या घरातल्या. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत धाडलं. पुढे फर्ग्युसन कॉलेज, मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. लग्न झालं ते महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. १९२८ साली पीएच.डी.साठी जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा खुद्द महर्षींचा विरोध होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा! घरोघरी हे असंच असतं. नवरा मात्र पाठीशी उभा राहिला.

बर्लिनमध्ये त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या तिचं नाव कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र संस्था. संचालक आणि मार्गदर्शक ऑयगेन फिशर. हा माणूस जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत जाऊन मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून आला होता आणि वंशांची सरमिसळ वाईट असते असं त्याचं मत होतं. त्यानं इरावतीबाईंना काम दिलं ते कवट्यांचं. फिशरचा तर्क असा: गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसतात, आणि या असमानतेचा संबंध त्याच्या वरचढ बुद्धीशी आहे. इतर वंशांत ही असमानता तितकी सापडणार नाही. ते फक्त मोजून सिद्ध करायचं.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यातल्या काही जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या. त्या कशा आणल्या असतील याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. आणि निष्कर्ष काय निघाला? असमानता सगळ्यांच्याच कवट्यांत आहे. वंशाशी तिचा काही संबंध दिसत नाही.

आता स्वतःला त्या जागी ठेवून बघा. वय पंचविशीच्या आत. परका देश, परकी भाषा, कातडीचा रंग वेगळा. डिग्री ज्याच्या हातात, त्याच माणसाचा आवडता सिद्धांत तुमच्या आकड्यांनी खोटा पाडलाय. दोन-चार कवट्या ‘सोयीनं’ वगळल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? बाईंनी जे आलं तेच लिहिलं. १९३० साली पीएच.डी. मिळाली, पण गुण देताना फिशरनं हात आखडता घेतला. तीन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पुढे याच संस्थेला ऑश्विट्झच्या छळछावणीतून योझेफ मेंगेल नमुने पाठवत होता. म्हणजे ‘कवटीवरून माणूस ठरतो’ हा वाद नुसता प्रबंधातला नव्हता. त्याच्या दुसऱ्या टोकाला काय उभं होतं, ते जगानं पाहिलं.

भारतात परतल्यावर इरावतीबाई १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या. त्यांनी खांद्याला पिशवी लावून देश पालथा घातला. एकाच वर्णाच्या नावाखाली गणल्या जाणाऱ्या पण आपसात सोयरीक न करणाऱ्या जातींची मोजमापं त्यांनी घेतली आणि म्हणाल्या, हे सगळे एकाच मूळ गटाचे तुकडे दिसत नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेले गट शेजारी-शेजारी नांदू लागले आणि त्यांची वीण झाली. इथे त्यांचं आपल्या पहिल्या गुरूंशी, घुर्यांशीही जमलं नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. बर्लिनमध्ये वंशसिद्धांताला धक्का देणाऱ्या बाईंनी डोकी आणि नाकं मोजायची पट्टी पुढे अनेक वर्षं हातातून ठेवली नाही. आज त्यावर टीका होते आणि मला ती रास्त वाटते. पट्टी चुकीच्या प्रश्नासाठी बनवलेली असेल तर ती प्रामाणिक हातातही तोच प्रश्न विचारत राहते.

नाकाचा हिशेब आणि बाबासाहेब

नाकावरून आठवलं. नाकाच्या रुंदीला उंचीनं भागायचं, शंभरानं गुणायचं, की झाला नासिका निर्देशांक. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले यानं १८९१ साली बंगालच्या जातींवरच्या ग्रंथात हा निर्देशांक वापरून मांडलं की, जितकं नाक रुंद, तितकं समाजातलं स्थान खालचं. हाच रिस्ले पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता. विचार करा, काय हाहाकार!

त्याला मराठी माणसानं उत्तर दिलं, तेही मानववंशशास्त्राच्याच वर्गातून. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. मुद्दा असा: भारतातले लोक वंशानं मिसळलेले आहेत, संस्कृतीनं एक आहेत, आणि जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनामुळे. म्हणजे वंशामुळे नव्हे, सोयरिकीच्या कुंपणामुळे. पुढे १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या पुस्तकात त्यांनी घुर्यांनी दिलेले नाकांचेच आकडे घेतले आणि दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. रिस्लेचं हत्यार रिस्लेवरच उलटवलं.

कोलंबियात त्या काळी ज्यांचा दबदबा होता ते फ्रान्झ बोआस स्वतः जर्मनीतून आलेले ज्यू स्थलांतरित. गोल्डनवायझर त्यांचे विद्यार्थी. अमेरिकेत येणाऱ्या युरोपीय लोंढ्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगासाठी बोआसनी सुमारे १८ हजार लोकांची मापं घेतली होती. त्यात दिसलं की स्थलांतरितांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकारसुद्धा आई-बापांपेक्षा वेगळा येतो. ‘वंशाची कायमची खूण’ म्हणून मिरवली जाणारी गोष्ट एका पिढीत सरकली. तरी १९२४ साली अमेरिकेनं वंश बघूनच दारं बंद करणारा कायदा केलाच. आकडे खरे असले की सरकार ऐकतंच असं नाही, हेही या पेशात येण्याआधी माहीत असावं.

आपल्याकडे बाबासाहेब आणि भंडारा म्हटलं की १९५४ ची पोटनिवडणूक आठवते. ते इथून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. ज्यांच्याकडे ते मतं मागत फिरले त्यांच्यात पोवार होते, कोहळी होते, कुणबी, तेली, ढिवर, गोंड, हलबा, कोष्टी, महार होते. आता वळू या या माणसांकडे.

सगळेच कुठूनतरी आलेले

बाबासाहेबांनी निबंध वाचला त्याच साली, १९१६ ला, रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड छापून आले. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात. हे खंड उघडा आणि ‘कोहळी’ शोधा. तलाव बांधण्यात ज्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं ते कोहळी. त्यांची परंपरा सांगते की चांद्याच्या गोंड राजानं काशीहून परत येताना त्यांना सोबत आणलं. पोवार आपलं मूळ माळव्यात, धारकडे सांगतात, आणि त्यांची पोवारी बोली ऐकली की मराठी-हिंदीच्या कप्प्यात ती सहज बसत नाही. या दंतकथा आहेत, पुरावे नव्हेत. पण दंतकथा सांगते की आपण कोण आहोत असं त्या लोकांना वाटतं, आणि मानववंशशास्त्रज्ञाला तेवढंही पुरतं सुरुवात करायला.

मग एक दिवस अर्जुनी मोरगाव तालुक्यात जा. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, त्याआधी हा तालुका भंडाऱ्यातच होता. नवेगावबांधचा तलाव तुम्ही सहलीत पाहिला असेल. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. त्याच तालुक्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग आहे. तिबेटी निर्वासितांची वसाहत, १९७२ पासूनची, महाराष्ट्रातली एकमेव. तिबेटी लोक आजही तिला ‘भंडारा’ याच नावानं ओळखतात. जिल्ह्याची वाटणी झाली ती आपल्या नकाशावर, त्यांच्या तोंडात नाही.

१९५९ नंतर तिबेट सोडून आलेली माणसं. हिमालयातल्या बर्फातून निघाली आणि झाडीपट्टीच्या उन्हात येऊन धानाच्या बांध्यांत उतरली. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकायला जातात, नागपूरच्या तिबेटी बाजारातून तुमच्या घरातही एखादा स्वेटर आला असेल. आता जरा शेजारी-शेजारी मांडून बघा. एका तालुक्यात, एकीकडे काशीहून आल्याचं सांगणारे कोहळी, ज्यांना आज कुणीही बाहेरचं म्हणणार नाही. दुसरीकडे पन्नासहून जास्त वर्षं इथं राहिलेले तिबेटी, ज्यांची नातवंडं इथंच जन्मली. बाहेरचा माणूस आतला व्हायला किती पिढ्या लागतात? तलाव बांधला की होतो? भाषा शिकला की? सोयरीक जमली की? की फक्त कागद मिळाला की?

कागदाची गोष्ट तर भलतीच गुंत्याची आहे. भारताच्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत इथं जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याला आई किंवा वडील नागरिक असावे लागतात. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक. म्हणजे आई-वडील दोघंही निर्वासित असतील तर १९८६ साली जन्मलेला थोरला भाऊ कायद्यानं भारतीय आणि १९८८ सालचा धाकटा परदेशी, ज्याला नोंदणीचं प्रमाणपत्र बाळगून त्याचं नूतनीकरण करत राहावं लागतं. एकाच चुलीवरचे दोघं! थोरल्यांनाही हा हक्क सहजासहजी मिळाला नाही. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयानं एका तिबेटी तरुणीच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा कुठे वाट मोकळी होऊ लागली. आणि यातली खरी मेख अशी की हक्क असूनही काही तिबेटी तो मागत नाहीत, कारण भारतीय झालो तर तिबेटी म्हणून परतण्याचा दावा सुटेल असं त्यांना वाटतं. हे तुम्हाला कायद्याच्या पुस्तकात मिळणार नाही. कुणाच्या तरी ओसरीवर बसून, चार वेळा चहा घेऊन, पाचव्या खेपेला कळतं.

वहीतलं काम

हाच या पेशाचा रोजचा दिवस. आधी घरांची यादी. कोणत्या घरात किती माणसं, कोण कुठून आलं, कोण कुठं गेलं. मग वंशावळ्या. मग नुसतं बसणं: लग्नात, मयतीत, रोवणीच्या बांधावर, रेशनच्या रांगेत. इरावतीबाई नातेसंबंधांच्या अभ्यासावर फार भर द्यायच्या. १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात भारताचे नातेव्यवस्थेप्रमाणे पट्टे पाडलेत. उत्तरेकडे मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे अब्रह्मण्यम्, दक्षिणेकडे ते उत्तम स्थळ, आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. तुमच्याच वर्गात हा प्रश्न टाकून बघा. कोणाच्या घरी चालतं, कोणाच्या घरी नुसतं ऐकूनच आजी कानावर हात ठेवते? कुठल्या लोकांचे धागे कुठल्या दिशेला जातात याचा माग अशा बारीक गोष्टींतून लागायला सुरुवात होते.

आणि स्थलांतर म्हणजे फक्त येणं नव्हे. पूर्व विदर्भातले मजूर दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते पायी परत येताना आपण सगळ्यांनी पाहिले. तिथल्या गावात आपली माणसं ‘बाहेरची’ असतात. पवनी तालुक्यात तर गाव न सोडताच गाव सुटलं. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि वैनगंगेकाठची गावं पुनर्वसनात गेली. पुनर्वसन म्हटलं की बोलणं मोबदल्यावर येतं. कोयना धरणानं उठवलेल्या लोकांचा अभ्यास इरावतीबाईंनी मुलगी जाई निंबकर यांच्यासोबत केला, १९६९ साली तो प्रसिद्ध झाला. कोयनेची माणसं लांब लांबच्या जिल्ह्यांत विखुरली गेली होती. मोबदल्याचा चेक एकदाच येतो. भाऊबंद लांब गेले, देव कुठं मांडायचा ते ठरेना, नव्या शेजारच्या गावानं विहिरीवर कसं वागवलं, ही खाती कुठल्याच तलाठ्याच्या वहीत नसतात. ती भरायला मानववंशशास्त्रज्ञ लागतो. गोसेखुर्दच्या नवीन गावठाणात वाढलेल्या, जुनं गाव फक्त ऐकून माहीत असलेल्या पिढीवर लिहायला तुमच्यापेक्षा योग्य कोण आहे सांगा बरं?

ॲडमिशन, नोकरी, पगार

आता घरी विचारतील तो प्रश्न. शिकायचं कुठं आणि पोट भरेल का?

कुठल्याही शाखेची पदवी असली तरी बऱ्याच ठिकाणी एम.ए.ला प्रवेश मिळू शकतो, नियम मात्र त्या त्या विद्यापीठाचे वाचून घ्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात स्वतंत्र मानवशास्त्र विभाग आहे. भंडारा रोडवरून पुण्याच्या उलट दिशेनं गाडीत बसलात तर रायपूरच्या पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठातही आहे, तो जवळ पडेल. सागरच्या डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठातला विभाग जुना आणि नावाजलेला. आकडेवारीची आवड असेल तर मुंबईत लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिथं स्थलांतर हा स्वतंत्र विषय म्हणून शिकता येतो. टाटा समाजविज्ञान संस्थाही आहेच.

नोकऱ्या मोजक्या आहेत, खोटं कशाला सांगू. १९४५ मध्ये सुरू झालेल्या भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण या केंद्र सरकारच्या संस्थेचं मध्य विभागीय केंद्र नागपुरात आहे, म्हणजे तुमच्या घरापासून तास-दीड तासावर. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. नेट पास झालात तर प्राध्यापकी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं प्रकल्पाआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करण्याची तरतूद केली, तिथं अशा माणसांना काम मिळतं. ते काम मात्र बऱ्याचदा घाईघाईत, ठरलेल्या उत्तराच्या दिशेनं उरकलं जातं. म्हणजे फिशरसाहेब तिथंही भेटतील, फक्त त्यांच्या हातात कंत्राट असेल. यूपीएससीला मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय घेणारे पुष्कळ असतात, कारण अभ्यासक्रम आटोपशीर आहे. त्या वाटेनं आलात तरी हरकत नाही, पण एकदा तरी गावात राहून या. कलेक्टर झाल्यावर ‘बाहेरच्यांची वस्ती’ असा शेरा मारलेली फाइल समोर येईल तेव्हा उपयोगी पडेल.

दोन-तीन गोष्टी सांभाळा. कुणाचंही खरं नाव, घर, कागद समाजमाध्यमावर टाकायचे नाहीत. नोर्गेलिंगला किंवा विटाभट्टीवर जाऊन पहिल्याच भेटीत ‘तुमच्याकडे कागदपत्रं आहेत का?’ विचारलंत तर दार बंद झालंच म्हणून समजा, आणि ते बरोबरच होईल. माणसं म्हणजे सॅम्पल नव्हेत. फोटो काढायच्या आधी विचारायचं.

सुरुवात करायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. या सुट्टीत आपल्याच घराची चार पिढ्यांची वंशावळ काढा. आणि एक करा, पुरुषांच्या नावांआधी बायकांची नावं लिहा. प्रत्येकीपुढे तिचं माहेर, ते किती कोसांवर, ती लग्न होऊन आली तेव्हा कोणती बोली बोलत होती, कोणता पदार्थ सोबत घेऊन आली, आणि सासरच्यांनी तिला किती वर्षांनी ‘आपली’ म्हटलं. शेवटचा रकाना भरायला वेळ लागेल. त्यासाठी आजीजवळ दुपारी बसा, घरात बाकी कुणी नसताना.